बॉस्टनचे बेक्ड बीन्स आठ तासांनीही कडकच? घोळ बहुतेक वेळा ओव्हनच्या आधी झालेला असतो

बॉस्टनवाले बेक्ड बीन्स घरी करणाऱ्यांची तक्रार फिरून फिरून एकच. रात्री भिजवले, सकाळी मोलॅसिस (उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळा पाक), मोहरी, कांदा सगळं घालून ओव्हनमध्ये ढकलले, रेसिपीत सहा तास लिहिलेत, आम्ही आठ ठेवले, रस मस्त काळपट झाला, वासाने शेजारी विचारून गेले, पण दाणा दाताखाली टचटचीत. मग एकजण म्हणतो अजून दोन तास ठेव, दुसरा म्हणतो ओव्हन वाढव, आणि रात्री दहाला पिझ्झा मागवला जातो. अजून दोन तास ठेवून फारसं काही होत नाही हे आधीच सांगून टाकतो, का होत नाही ते खाली येईलच.

आधी कुठल्या बीन्सबद्दल बोलतोय ते. इंग्लंडात टोस्टवर ओततात ते टोमॅटो सॉसमधले डब्यातले नव्हेत. हे न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स, मेन, व्हरमाँट त्या पट्ट्यातले. बारीक पांढरे नेव्ही बीन्स, मोलॅसिस, मोहरीची पूड, कांदा आणि सॉल्ट पोर्क म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची चरबी, संपलं. तिथल्या जुन्या प्युरिटन म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा सब्बाथ, म्हणजे आठवड्याचा देवाधर्माचा दिवस, शनिवारी सूर्य मावळला की सुरू व्हायचा, मग रविवारी सूर्यास्तापर्यंत कामाला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी दिवसभर बीन्स शिजवायचे, रात्री गरम जेवायचे आणि उरलेले रविवारी सकाळी. बेकरीवाले शनिवारी सकाळी घराघरातून बीन्सची मडकी गोळा करून न्यायचे, आपल्या भट्टीत ठेवायचे आणि संध्याकाळी परत आणून द्यायचे, सोबत ब्राउन ब्रेड. मेनमध्ये लाकूडतोड्यांच्या कॅम्पात तर जमिनीत खड्डा करून निखाऱ्यांत लोखंडी भांडं रात्रभर पुरून ठेवायचे, असे खड्ड्यातले बीन्स तिकडे गावजेवणाला अजूनही करतात. पण या सगळ्यात एक पायरी ठरलेली होती, भिजवलेले बीन्स आधी साध्या पाण्यात उकडायचे आणि मगच मडक्यात भरायचे. हल्लीच्या 'सगळं एकत्र टाका आणि विसरून जा' छापाच्या रेसिप्या नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग लोक बीन्सला शिव्या घालतात.

आता का ते बघा. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, गरम पाण्यात ते पेक्टिन सुटत गेलं की दाणा बोटचेपा होतो. दोन गोष्टी त्याला सुटू देत नाहीत, आंबटपणा आणि कॅल्शियम. मोलॅसिसमध्ये दोन्ही आहेत. त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास, आणि १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, वर साखर आहेच, जिच्यामुळे दाण्यात पाणी शिरणं अजून मंदावतं. त्यामुळे अर्धकच्च्या दाण्यावर मोलॅसिस ओतलं की दाणा होता त्याच जागी अडून बसतो. अगदी शून्य फरक पडत नाही असं नाही, पण इतका हळू की तुमचा अख्खा रविवारही त्यात जाईल. गंमत म्हणजे हाच गुण पुढे उपयोगी पडतो. मऊ झालेल्या दाण्यावर मोलॅसिस पडलं की तो सहा-सात तास ओव्हनमध्ये राहूनही फुटत नाही, आख्खा राहतो आणि आतपर्यंत रस मुरतो. साधा राजमा साध्या पाण्यात तेवढा वेळ ठेवून बघा, पिठलं होईल त्याचं.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, मोलॅसिस घातलं तेव्हा दाणा कसा होता? 'भिजलेला होता' हे उत्तर चालणार नाही. शिजलेला हवा.

हे बघायची न्यू इंग्लंडमधली जुनी खूण मला फार आवडते. बीन्स साध्या पाण्यात अगदी हलक्या उकळीवर ठेवायचे, अर्ध्या तासानंतर चमच्याने चारपाच दाणे वर काढायचे, पाणी निथळू द्यायचं आणि त्यावर जोरात फुंकर मारायची. साल तडकून मागे वळली तर दाणे तयार होत आलेत, काहीच झालं नाही तर अजून दहा मिनिटं. पण फक्त सालीवर विसंबू नका बरं का, जुन्या दाण्याची साल तडकते आणि आत गाभा कच्चट पिठूळच असतो. त्याच चमच्यातले दाणे गार करून एकेक जीभ आणि टाळूमध्ये दाबून बघा. दात न लावता चेपला गेला पाहिजे, आणि पाचही दाणे चेपले गेले पाहिजेत, चार झाले एक नाही तर अजून नाही. नवीन दाणे असतील तर चाळीस-पन्नास मिनिटं, जुने असतील तर सव्वा तास, कधी त्याच्याही वर. घड्याळ लावून हे ठरत नाही, चमच्यानेच ठरतं. आणि उकळी खळाखळा नको, दाणे एकमेकांवर आपटून सालं सुटतात, मग रसात नुसती सालं तरंगतात आणि ते दिसायला घाण दिसतं.

उकडलेलं पाणी फेकू नका, तेच पुढे मडक्यात घालायचंय. भिजवलेलं पाणी मात्र फेका.

हे सगळं नीट करूनही दाणे अडून बसत असतील तर मग दाण्यांकडे वळा. भिजवलेलं पातेलं सकाळी ओतून टाकायच्या आधी नीट बघायची सवय लावा, निम्मं निदान तिथेच होतं. भिजून वजन दुप्पट व्हायला हवं, म्हणजे ४५० ग्रॅमचे ९०० ग्रॅमच्या पुढे गेले पाहिजेत, किचनचा वजनकाटा असेल तर टाकून बघा. आणि त्यात काही दाणे दिसतील जे अजिबात फुगलेले नाहीत, गुळगुळीत, बारीक, जसे पाकिटातून निघाले तसेच. हे कुचर. मटकीत निघतात तसे यातही निघतात, त्यांच्या सालीतून पाणी आतच जात नाही, हे कितीही उकळा शिजणार नाहीत, वेचून फेकून द्या, दात सांभाळायचेत ना. दुसरा प्रकार जास्त फसवा. दाणा छान फुगतो, दिसायला एकदम व्यवस्थित, पण शिजत नाही. हा जुन्या मालाचा दोष, आणि नुसत्या वयामुळे नाही तर गरम आणि दमट जागी पडून राहिल्यामुळे होतो. बॉस्टनच्या थंड पँट्रीत दीड वर्ष पडलेलं पाकीट एक वेळ चालेल पण मुंबईत वाण्याकडे एक पावसाळा काढलेला राजमा चालेलच असं नाही. अमेरिकेत सुद्धा गॅसच्या शेगडीवरच्या कपाटात काचेच्या बरणीत शोभेला भरून ठेवलेले बीन्स याच वर्गात. अशा दाण्यांना चिमूटभर सोड्याशिवाय इलाज नाही, त्याचं खाली सांगतो.

दुकान निवडताना एकच बघा, जिथे माल खपतो तिथून घ्या. मोठ्या सुपरमार्केटच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या ऑरगॅनिक पाकिटापेक्षा लॅटिनो किंवा इंडियन दुकानातलं साधं पाकीट परवडतं कारण ते आठवड्यात संपतं. आणि दोन पाकिटं, एक नवीन एक मागच्या दिवाळीचं, एकत्र करू नका, कधीच नका, नवीन फुटणार आणि जुनं कडक राहणार आणि तुम्ही मधे अडकणार.

पाणी. याकडे कोणाचं लक्षच नसतं. जड पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम असतं आणि ते मोलॅसिससारखंच दाणा धरून ठेवतं. बॉस्टन शहराला क्वाबिन जलाशयाचं पाणी येतं ते एकदम मऊ, त्यामुळे शहरातल्या माणसाची रेसिपी शहरात चालते आणि तोच माणूस लांब उपनगरात स्वतःच्या विहिरीच्या पाण्यावर राहायला गेला की बीन्स बिघडतात. आपल्याकडे पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत टँकर नाहीतर बोअरचं पाणी, तिथली डाळसुद्धा कुरकुरत शिजते हे सांगायला नकोच. नळाच्या तोटीवर, गीझरमध्ये पांढरा क्षार धरत असेल तर बीन्स भिजवायला आणि उकडायला दोन्हीला आरओचं पाणी घ्या, विषय संपला.

याच्यावर अजून एक स्वस्त उपाय आहे, भिजवताना मीठ घालायचं. हो, मीठच. मिठाने कडधान्य कडक होतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि भिजवण्याच्या बाबतीत ते साफ उलट आहे, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते, फुटतही कमी. ४५० ग्रॅम बीन्सला साधारण दोन लिटर पाणी आणि दीड टेबलस्पून मीठ, रात्रभर, सकाळी पाणी फेकून दाणे धुवून घ्यायचे. मग पुढचं मीठ जपून, सॉल्ट पोर्क वापरत असाल तर अजूनच जपून कारण ते स्वतः खारट असतं, शेवटी चव बघूनच काय ते घाला.

सोडा. ४५० ग्रॅमला पाव टीस्पून, उकडायच्या पाण्यात. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन पटकन सुटतं, त्यामुळे जुन्या मालाला आणि जड पाण्याला दोन्हीला चालतं. पण पाव म्हणजे पावच. 'अजून थोडा घालू' केलंत की साबणासारखी चव येते आणि सालं विरघळून चिकट गाळ होतो, तो मोलॅसिसच्या गोडातही लपत नाही. नवीन माल आणि मऊ पाणी असेल तर सोड्याच्या वाटेला जाऊच नका.

आता ओव्हन. शंभरातल्या बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम इथे नसतो असं माझं मत, तरी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. पारंपरिक तापमान २५० ते ३०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२० ते १५० सेल्सिअस. ओव्हनच्या बटणावर २५० लिहिलंय म्हणून आत २५० असतंच असं नाही, जुन्या भाड्याच्या घरातले ओव्हन सर्रास खोटं बोलतात, आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर मिळतो तो घ्या. दुसरं म्हणजे गार भरणा. गार दाणे, फ्रिजमधलं पाणी, जाड मातीचं किंवा बिडाचं भांडं आणि २५० चा ओव्हन, आतला रस गरम होईपर्यंतच दोन तास निघून जातात आणि तुम्ही ते शिजायच्या तासांत मोजता. रस गॅसवर उकळवूनच दाण्यांवर ओता. बिडाचं एनॅमलवालं भांडं असेल तर सगळंच गॅसवर उकळीला आणून मग आत ठेवा. मातीचं मडकं थेट गॅसवर ठेवू नका आणि गार मडकं तापलेल्या ओव्हनमध्येही नको, तडकतं.

आणि झाकण. उघडं भांडं मंद ओव्हनमध्ये ठेवलं की वरून वाफ निघत राहते आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते, त्यामुळे ओव्हन १२० ला असला तरी रस उकळीच्या बराच खाली रेंगाळतो. पसरट बेकिंग डिशमध्ये उघडे ठेवलेले बीन्स म्हणूनच दिवसभर कोमट बसून राहतात. खरं बीनपॉट बघितलंत तर पोट मोठं आणि तोंड अरुंद, त्याचं कारण हेच, वाफ कमी सुटते आणि आत सारखी उष्णता राहते. ते नसेल तर घट्ट झाकणाचं कुठलंही जाड उभट भांडं चालतं, झाकण सैल असेल तर खाली फॉइल लावा.

डेन्व्हरकडे राहणाऱ्यांनी वेगळा हिशोब धरायचा. १६०० मीटर उंचीवर पाणी ९५ सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, तिथे उकडायची पायरी सरळ कुकरमध्ये उरका.

कुकरवरून आठवलं, मराठी माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो, 'मग कुकरलाच का नाही लावायचे?' लावा की. फक्त उकडायची पायरी लावा, मोलॅसिस न घालता, साध्या पाण्यात, वर चमचाभर तेल म्हणजे फेस येऊन शिटी चोंदणार नाही, आणि कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. भिजलेल्या नेव्ही बीन्सला एक शिटी आणि मग पाच मिनिटं बारीक गॅस, वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलून वाफ सोडली तर सालं फाटतात. मोलॅसिस घालून कुकर लावलात तर एक तर दाणे अडतील नाहीतर बुडाला साखर लागून करपेल, इलेक्ट्रिक कुकर तर 'बर्न' दाखवून बंदच पडतो. आणि संपूर्ण पदार्थ कुकरात अर्ध्या तासात उरकला तर खाण्यालायक होतो, नाही असं नाही, पण रस पातळ आणि दाणा आतून फिका राहतो. रंग आणि चव आत मुरायला तासच लागतात, तिथे शॉर्टकट नाही.

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, त्याबद्दल मात्र जरा गंभीरपणे. नेव्ही बीन्स, राजमा, घेवडा हे सगळे एकाच जातीचे भाऊबंद आणि कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात बरंच कमी पण असतंच. लाल राजम्याचे चारपाच अर्धकच्चे दाणेही पुरतात, एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. ८० सेल्सिअसला तासन् तास ठेवून ते जात नाही, उलट वाढलेलं सापडलंय, आणि स्लो कुकरचं 'लो' त्याच्याच आसपास घुटमळतं. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचा, सल्ला सरळ आहे, किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये टाका. आपण वर जी उकडायची पायरी म्हणतोय तिनेच हे काम आपोआप होतं, फक्त लाल राजमा असेल तर हलकी उकळी नको, चांगली खळखळ हवी, तिथे सालं गेली तरी चालतील.

बरं, हे सगळं पुढच्या वेळेसाठी झालं. आत्ता ओव्हनमध्ये कडक दाण्यांचं भांडं बसलंय त्याचं काय? तेही वाचतं. भांडं बाहेर काढा, चाळणीखाली मोठं पातेलं ठेवून सगळं ओता, रस वेगळा झाला की बाजूला ठेवा, पोर्क आणि कांदाही त्यातच. दाण्यांवर गरम पाणी ओतून मोलॅसिस धुवून काढा, अगदी स्वच्छ नाही झाले तरी चालेल. मग ताजं गरम पाणी, पाव टीस्पून सोडा, आणि गॅसवर झाकून ठेवा किंवा कुकरला लावा, कुकरला आठ ते दहा मिनिटं धरा कारण हे आता हट्टी झालेले आहेत. दाबून बघा, झाले की ते पाणी फेका, दाणे रसात परत, रस उकळवा आणि पुन्हा ओव्हनमध्ये तास-दोन तास. चव थोडी धुतली जाते, म्हणून चमचाभर मोलॅसिस आणि मोहरी वरून. रस गॅसवर आटवत असाल तर तिथेच उभे राहा, मोबाइल घेऊन बसलात तर साखर बुडाला कधी धरली ते कळणार नाही.

केचप, टोमॅटो, व्हिनेगर, बाटलीतली तयार मोहरी, हे सगळं आंबट आणि हल्लीच्या रेसिप्यांत सर्रास असतं. घालायचंच तर शेवटच्या तासात. मोहरी मी कोरडी पूडच घेतो, ४५० ग्रॅम बीन्सला दीड टीस्पून, तिखटपणा ओव्हनमध्ये निवतो आणि मागे नुसता खमंगपणा राहतो. मोलॅसिस तेवढ्याला अर्धी वाटी म्हणजे अमेरिकन कपाचा तिसरा भाग धरा. गोड आवडत असेल तर थोडं वाढवा पण मग वेळही वाढवा. मोलॅसिस जड असतं, तसंच ओतलं की तळाला बसतं आणि खालचे दाणे काळे वरचे गोरे असं होतं, त्यामुळे दोन कप गरम उकडपाण्यात मोहरीसकट ढवळून विरघळवून मग ओता.

कडू झाले असतील तर बाटली बघा, बहुतेक ब्लॅकस्ट्रॅप निघेल. उसाचा रस तीनदा उकळून साखर काढून घेतल्यावर उरतं ते ब्लॅकस्ट्रॅप, सगळ्यात कडू आणि कॅल्शियमही सगळ्यात जास्त, म्हणजे दाणा अडवण्यात पण पुढे. लोक 'हेल्दी' म्हणून मुद्दाम तेच आणतात. साधं, गोडसर, पहिल्या-दुसऱ्या उकळीचं घ्या. बॉस्टनमध्ये हे मोलॅसिस एवढं कुठून आलं असं वाटत असेल तर कॅरिबियनमधून, रम गाळायला, जहाजंच्या जहाजं भरून यायचं. १५ जानेवारी १९१९ ला तर नॉर्थ एंड भागात मोलॅसिसची एक प्रचंड टाकीच फुटली, २३ लाख गॅलन, आणि त्या लाटेत २१ माणसं मेली. ते बीन्ससाठी नव्हतं, औद्योगिक अल्कोहोलसाठी होतं, पण शहरात साठा केवढा असायचा याची कल्पना येते.

आपल्याकडे मोलॅसिस नसेल तर काकवी. मला ती चालते, उलट आवडते, फक्त फरक लक्षात ठेवा. काकवीत उसाची सगळी साखर शाबूत असते म्हणून ती जास्त गोड आणि कमी कडू, रंगही फिका. थोडी कमी घाला आणि कडवट काळपटपणा हवा असेल तर चमचाभर काळा गूळ. आंबटपणाचा प्रश्न मात्र इथेही सुटत नाही, काकवी खडे धरू नये म्हणून बरेच गुऱ्हाळवाले सायट्रिक अ‍ॅसिड टाकतात, आणि रस निवळायला भेंडीच्या पाण्याबरोबर चुनाही वापरला जातो, म्हणजे कॅल्शियम आलंच. थोडक्यात काकवीसुद्धा दाणे शिजल्यावरच. साखर कारखान्याची मळी कोणी 'तेच ते' म्हणून देत असेल तर घेऊ नका, ती खायच्या प्रतीची नसते. बीन्ससाठी बारीक पांढरा राजमा मिळाला तर उत्तम, नाहीतर साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा फार छान होतो, दिसायला वेगळा पण रस धरतो. चवळी नको, ती लवकर फुटते आणि चवही जुळत नाही.

पोर्क न खाणाऱ्यांनी नुसतं ते वगळून पुढे जाऊ नका, कारण त्याचं काम नुसतं चवीचं नाही. चरबीचा तवंग वर राहतो, वरचे दाणे सुकत नाहीत आणि रसाला तुकतुकी येते. सगळं वगळलंत तर पाणचट गोड उसळ होते. ४५० ग्रॅमला ५० ग्रॅम लोणी, कांदा त्यातच लालसर परतून, आणि टीस्पूनभर स्मोक्ड पापरिका. तेलही चालतं पण लोण्याची सर नाही. खाणाऱ्यांसाठी, सॉल्ट पोर्क एकदा गरम पाण्यातून काढा म्हणजे जादाचं मीठ जाईल, सालीला इंचभर अंतरावर चिरे द्या आणि साल वर येईल असा दाण्यांत रोवा, शेवटच्या तासात झाकण काढलं की ती कुरकुरीत होते आणि त्या तुकड्यासाठी घरात भांडणं होतात.

आता उलट तक्रारी, पटापट. वरचा थर काळा कडक आणि खाली बरोबर, म्हणजे रस दाण्यांच्या खाली गेला होता. तास-दीड तासाने बघायचं, दाणे जेमतेम बुडालेले हवेत, कमी असेल तर आधणाचं पाणी, गार नाही. शेवटच्या तासात मात्र पाणी घालणं बंद. रस पातळ राहिला तर झाकण काढून पाऊण तास, आणि तरी आळला नाही तर वाटीभर दाणे चेचून परत आत ढवळा. लगदा झाला असेल तर एक तर आधी जास्त शिजले किंवा तुम्ही सारखं ढवळत होतात, ओव्हनमध्ये गेल्यावर बीन्स ढवळायचे नसतात, भांडं धरून हलकं हिंदकळवायचं बस. लगद्याचं काही परत होत नाही, पावावर लावून खा, चवीला चांगलाच लागतो.

आणि गरम असताना रस पातळ वाटला म्हणून लगेच आटवायला घेऊ नका. अर्धा तास झाकून बसू द्या, तेवढ्यात बराच आळतो. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढाल तर घट्ट थापी झालेली असेल, गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला, आणि शक्यतो गॅसवर, झाकून, बारीक आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये दाणे फटाफट फुटतात आणि आतून पुसत बसावं लागतं.